मत्स्यपेटीखालचे कपाट आणि त्यातील आवाजाचा बंदोबस्त

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८५० च्या सुमारास, रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनमधील रसायनशास्त्रज्ञाने मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पती यांचे योग्य प्रमाण साधले तर काचपात्रातील पाणी न बदलताही दीर्घकाळ निर्मळ राहते हे प्रयोगाने दाखवून दिले; १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह लोकांसाठी खुले झाले; आणि पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने या छंदाला इंग्लंडातील सुस्थित कुटुंबांच्या दिवाणखान्यात स्थान मिळवून दिले. त्या काळच्या घरगुती मत्स्यपेटीत यंत्र म्हणून काही नव्हते. वनस्पती प्राणवायू पुरवीत, मासे मोजके असत, पाणी स्थिर असे, आणि म्हणून आवाजाचा प्रश्नही उद्भवत नसे. पुढे वीज घरोघर पोहोचली, तेवढ्याच पाण्यात कितीतरी अधिक मासे सांभाळणे शक्य झाले, आणि त्या आधिक्याची किंमत म्हणून हवेचा पंप, पाण्याचा पंप, फिल्टर आणि मोठ्या पेट्यांच्या बाबतीत खालच्या कपाटात ठेवलेला सम्प, म्हणजे पेटीतील पाणी ज्यात उतरते व जेथून पंप ते परत वर चढवितो ती टाकी, असा सारा सरंजाम मत्स्यपेटीला कायमचा चिकटला.

मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि तेव्हापासून काचेआडचे मासे पाहण्याची आवड आपल्याकडे कित्येक घरांत शिरली. परंतु सार्वजनिक मत्स्यालयाला जी सोय असते, म्हणजे यंत्रे निराळ्या खोलीत ठेवण्याची, ती दोन खोल्यांच्या सदनिकेत कोठून यावी? ज्या बैठकीच्या खोलीत दिवसा पाहुणे बसतात तिथेच रात्री अंथरुणे पडतात, आणि रस्त्यावरची रहदारी थांबून घर शांत झाले की दिवसभर कोणाच्या लक्षातही न आलेला कपाटातला घरघराट उशाशी येऊन बसतो. मत्स्यपेटी विकून टाकण्याच्या निर्णयामागे माशांच्या मृत्यूइतकेच हे रात्रीचे जागरणही असते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून या प्रश्नाचा साकल्याने विचार व्हावा, त्यावर जे इलाज सुचविले जातात त्यांतील कोणते शास्त्राच्या कसोटीला उतरतात आणि कोणते केवळ समाधानापुरते आहेत हे तपासून पाहावे, या हेतूने हा आढावा घेत आहे.

सर्वत्र आढळणारा पहिला सल्ला असा की, कपाटाला आतून काहीतरी मऊ चिकटवावे आणि दारे घट्ट लावून घ्यावीत. तो इतका स्वाभाविक वाटतो की त्याच्या मुळाशी असलेल्या गृहीताकडे कोणी पाहत नाही. ते गृहीत असे की आवाज हा कपाटाच्या आत, हवेत, जन्म घेतो आणि तेथून फटींतून वा फळ्यांतून बाहेर येतो, व कपाट त्याला अडविण्याचे काम करते. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. पंपाचा कंप त्याच्या पायांतून फळीत उतरतो, फळीतून कपाटाच्या सर्व बाजूंत पसरतो, आणि ते विस्तीर्ण पातळ पृष्ठच खोलीतल्या हवेला हलवू लागते. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर तिचा आवाज हातभर अंतरावरही जेमतेम ऐकू येतो, भोपळ्याच्या आधारावर बसविली की तीच मैफल भारून टाकते. पंप आणि कपाट यांचा संबंध नेमका याच जातीचा आहे. अशा परिस्थितीत कपाटाच्या आत गादी चिकटवून काही साधत नाही, कारण तेथे प्रत्यक्ष वाजत असते ते कपाटच.

या विधानाची खातरजमा कोणालाही क्षणात करता येते. कपाटातील हवेचा पंप चालू असतानाच हाताने अलगद उचलावा आणि अधांतरी धरावा. खोलीतला आवाज लक्षणीय कमी झाला तर दोष हवेतून येणाऱ्या ध्वनीचा नसून लाकडातून वाहणाऱ्या कंपाचा आहे. काहीच फरक पडला नाही तर पंपाच्या अंगचाच आवाज मोठा आहे. पाण्याच्या पंपाच्या बाबतीत हीच परीक्षा तो सम्पच्या तळापासून वर उचलून घेता येते. कपाटाच्या फळीवर तळहात टेकला असता ज्या ठिकाणी थरथर अधिक जाणवते ते ठिकाण लक्षात ठेवावे. पैसा खर्च करण्यापूर्वी एवढी चौकशी प्रत्येकाने केलीच पाहिजे, कारण पुढचे सर्व इलाज या एका निदानावर अवलंबून आहेत.

आता या कंपाचे स्वरूप. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन करतो. साध्या हवेच्या पंपात विद्युच्चुंबकासमोर एका लवचीक दांडीवर लहानसे लोहचुंबक बसविलेले असते. ती दांडी विजेच्या तालावर हलते आणि रबरी पडद्याला आतबाहेर करून हवा ढकलते. यातून ५० हर्ट्झचा मूळ स्वर आणि त्याच्या पटीतले १००, १५०, २०० हर्ट्झ असे उपस्वर निर्माण होतात. ५० हर्ट्झच्या स्वराला मानवी कान फारशी दाद देत नाही, इतकी त्या टप्प्यात कानाची संवेदना मंद असते. त्रास होतो तो वरच्या उपस्वरांचा, आणि त्यांनाच कपाटाच्या फळ्या उचलून धरतात. सम्पमधील पाण्याचे नेहमीचे पंप समकालिक जातीचे असून त्यांचे चुंबकीय चक्र मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे तेथेही मूळ कंप ५० हर्ट्झचाच.

हा कंप लाकडात उतरू नये यासाठी पंपाखाली रबराचा तुकडा ठेवण्याची शिफारस सगळेच करतात, आणि बहुतेकांना तिचा उपयोग झालेला नसतो. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोणतेही वजन लवचीक वस्तूवर ठेवले की त्या जोडीला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या प्राप्त होते. यंत्राचा कंप त्या संख्येच्या सुमारे १.४ पटीपेक्षा खाली असला तर ती लवचीक वस्तू कंप अडविण्याऐवजी तो तसाच पुढे पाठविते, किंबहुना वाढविते, आणि तो तिच्या तिपटीला पोहोचला तरच कंपाचा सुमारे आठवा हिस्सा तेवढा पलीकडे जातो. ५० हर्ट्झसाठी ही तिपटीची अट पुरी व्हायची तर नैसर्गिक कंपनसंख्या १७ च्या आसपास हवी, आणि हिशोब करता असे निघते की त्यासाठी ती लवचीक वस्तू पंपाच्या भाराने निदान जवळजवळ एक मिलिमीटर दबली पाहिजे. पंपाचे वजन असते पावशेर-अर्धा किलो. टायरच्या रबराचा कठीण तुकडा एवढ्याशा वजनाने तसूभरही दबत नाही, आणि म्हणून तो असून नसल्यासारखाच.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही अल्पमोली आहेत. पहिला हा की खालची वस्तू अधिक मऊ घ्यावी आणि वरचे वजन वाढवावे. कडप्प्याचा एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा सुमारे पाच किलो भरतो व ओटे बसविणाऱ्याकडे तो उरलेल्या मालातून सहज मिळतो. तो मऊ फोमच्या थरावर ठेवावा, फोम त्याच्या भाराने काही मिलिमीटर दबेल पण पूर्णपणे चेपून जाणार नाही असा निवडावा, आणि त्यावर पंप ठेवावा. दगडाचे जडत्व पंपाच्या धडपडीला दाद देत नाही, आणि जो अल्प कंप उरतो तो फोममध्ये जिरतो. दुसरा उपाय म्हणजे पंप जाड रबरी दोऱ्यांनी कपाटाच्या आत टांगून ठेवणे. दिसायला तो गबाळा, पण परिणामकारक. मात्र दोन्ही प्रकारांत हवेची नळी कडक असेल आणि ती फळीच्या भोकाला घासून जात असेल तर सगळा खटाटोप व्यर्थ होतो, कारण कंपाला जायला एवढीही वाट पुरते. नळी मऊ सिलिकोनची घ्यावी, तिला एखादे सैल वळण द्यावे, आणि भोकात रबरी बुश बसवावा.

येथेच एक सावधगिरीचा इशारा देणे अगत्याचे आहे. कंप तोडण्याच्या उत्साहात काही जण साऱ्या कपाटाखालीच मऊ रबर सारतात. तीन फूट लांबीच्या, दीड फूट रुंदी-उंचीच्या पेटीत सुमारे १८० लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि कपाट धरून हा बोजा २०० किलोच्या पुष्कळ पुढे जातो. असा भार असमान दबणाऱ्या पायावर ठेवला तर काचेच्या सांध्यांवर ताण येऊन पेटी फुटण्याचे भय असते. पेटीच्या तळाखाली बारीकसारीक उंचवटे शोषून घेण्यासाठी पातळ सपाट थर घालतात तो योग्यच आहे. परंतु आवाजाचा बंदोबस्त पंपाच्या पायाशी करावयाचा, पेटीच्या पायाशी नव्हे.

पुष्कळदा मात्र यातले काहीच करावे लागत नाही, कारण यंत्र आवाज करते ते आजारी असते म्हणून. एअरस्टोनची, म्हणजे हवेच्या नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडाची, छिद्रे शेवाळाने आणि क्षारांनी बुजली की पंपाला अधिक दाबाविरुद्ध हवा ढकलावी लागते आणि त्याचा स्वर चढतो. रबरी पडद्याला चीर गेली की तो फडफडू लागतो. पाण्याच्या पंपाच्या इंपेलरवर, म्हणजे फिरत्या चक्रावर, बोअरवेलच्या जड पाण्यातला चुना बसला की तो खडखडतो. एअरस्टोन बदलणे, पडदा बदलणे, इंपेलर काढून पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणे व स्वच्छ धुऊन परत बसविणे, ही कामे घरबसल्या होतात. कॅनिस्टर फिल्टरमध्ये अडकलेली हवा किरकिर आवाज करते. फिल्टर चालू ठेवून तो दोन्ही बाजूंना थोडा थोडा कलता केला की ती निघून जाते. कपाटाला शेकडो रुपयांचे अस्तर लावण्याआधी किरकोळ किमतीचा एअरस्टोन बदलून पाहावा, हा साधा क्रम विसरला जातो याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

यंत्राखेरीज दुसरा आवाज पाण्याचा. त्याची उपपत्ती मार्सेल मिन्नार्ट या हॉलंडमध्ये काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली दिली. त्यांनी दाखविले की वाहत्या पाण्याचा खळखळाट हा मुख्यतः पाण्याचा नसून त्यात सापडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा आहे. प्रत्येक बुडबुडा जन्मताच आकुंचन-प्रसरण पावतो आणि त्याच्या आकारानुसार स्वर देतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३३०० हर्ट्झवर वाजतो, एक सेंटिमीटर त्रिज्येचा ३३० च्या आसपास. या एका सूत्राने मत्स्यपेटीतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. बारीक छिद्रांच्या एअरस्टोनची सळसळ सुसह्य का वाटते आणि उघड्या नळीतून निघणारे मोठे बुडबुडे खदखद का करतात, हे त्यातून समजते. आणि पेटीतील पाणी सम्पमध्ये उतरविणाऱ्या नळीच्या घोगऱ्या गुरगुराटाचे मर्मही त्यातच आहे. ती नळी पाण्याबरोबर हवा गिळत असते, आणि खाली जाऊन ती हवा मोठमोठ्या बुडबुड्यांच्या रूपाने ओकत असते. सबब पाण्याचा आवाज थांबविणे म्हणजे पाण्यात हवा शिरण्यावर नियंत्रण ठेवणे.

समुद्री मासे पाळणाऱ्या अमेरिकेतील छांदिष्टांनी या दिशेने जे काम केले ते, माझ्या मते, या साऱ्या प्रश्नातील सर्वांत मोलाचे आहे, कारण त्यांनी आवाज दडपण्याची भाषा सोडून तो निर्माणच होऊ नये अशी रचना शोधली. ड्युर्सो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नळीत उभ्या पाइपाच्या माथ्यावर टी-आकाराचा जोड बसवून, त्याचे तोंड पाण्याखाली वळवून, वरच्या टोपणाला हवेसाठी लहानसे छिद्र ठेवतात. त्यामुळे नळी भसाभसा हवा ओढत नाही आणि पाणी पाइपाच्या कडेकडेने शांतपणे उतरते. हर्बी या नावाने प्रसिद्ध असलेली रचना एक पाऊल पुढे जाते: तीत मुख्य नळी पूर्णपणे पाण्याने भरलेली राहते, खाली बसविलेल्या गेट व्हॉल्व्हने तिचा प्रवाह पंपाच्या प्रवाहाशी बारकाईने जुळवितात, आणि हवेला प्रवेशच नसल्यामुळे आवाजही होत नाही, मात्र ती नळी तुंबली तर पाणी घरभर होऊ नये म्हणून दुसरी आपत्कालीन नळी असावीच लागते. बीनअ‍ॅनिमल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिसऱ्या प्रकारात एक भरलेली, एक अंशतः वाहणारी आणि एक राखीव अशा तीन नळ्या असतात, व प्रवाहातला लहानसहान चढउतार मधली नळी आपोआप सांभाळते. नवीन पेटी करवून घेताना काचेला तीन भोके पाडून घेण्याचा खर्च अल्प आहे, पण पेटी तयार झाल्यावर तोच मामला अवघड होऊन बसतो. ज्यांची पेटी आधीच झालेली आहे त्यांनी निदान सम्पमध्ये उतरणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पृष्ठाखाली दोन-तीन सेंटिमीटर बुडेल असे पाहावे. ते फार खोल बुडविले तर अडकलेली हवा थांबून थांबून ढेकरांप्रमाणे बाहेर पडते.

एवढे सर्व करूनही जो हवेतला आवाज शिल्लक राहतो, त्याच्यापुरता कपाटाचा उपयोग भिंत म्हणून होतो, आणि तिथे पदार्थाचे वजन हीच एक विश्वासार्ह गोष्ट आहे. ध्वनिरोधाचा नियम असा आहे की फळीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले तर रोध सुमारे सहा डेसिबलांनी वाढतो, आणि स्वर दुप्पट उंच असला तरीही तेवढाच वाढतो. १८ मिलिमीटरचे प्लायवुड दर चौरस मीटरला अकरा किलोच्या आसपास भरते. या नियमाने ते ५०० हर्ट्झला सुमारे २७-२८ डेसिबल अडवील, पण १०० हर्ट्झला त्याच्या निम्मेच. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पंपाच्या खालच्या स्वराला फळीने अडविणे फार कठीण, म्हणून तो मुळातच तोडला पाहिजे; आणि कपाटाच्या मागे सुतार जी सहा मिलिमीटरची पातळ पाठ ठोकतात, किंवा नळ्यांच्या सोयीसाठी पाठच लावीत नाहीत, तिथे समोरच्या जाड दारांचा सारा दिमाख निष्फळ होतो.

फटींचा हिशोब तर याहूनही कठोर आहे. समजा कपाटाचा दर्शनी भाग ९० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच आहे, त्याला दोन दारे आहेत आणि त्यांच्या कडांना व मधल्या सांध्यात अवघी दोन मिलिमीटर फट आहे. या फटींची एकूण लांबी चार मीटरांवर जाते आणि क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे दर्शनी भागाच्या १.२ टक्के. एवढ्या फटीतून जो ध्वनी मोकळा सुटतो तो पाहता, दारे शिशाची केली तरी त्या बाजूचा एकूण रोध १९ डेसिबलांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे दाराला दुसरे प्लाय चिकटविण्याच्या आधी दाराच्या चौकटीला रबरी पट्टी लावणे आणि दार तिच्यावर दाबून बसेल अशी कडी घालणे अधिक शहाणपणाचे. मोटारींच्या दारांत आतून चिकटवितात ती ब्यूटाइलची जड चादर कपाटाच्या पातळ पाठीवर लावली तर तिची थरथर चांगली दबते. १८ मिलिमीटरच्या फळीवर मात्र तिचा परिणाम अत्यल्प, कारण फळीच्या मानाने तिचे वजन नगण्य ठरते.

ध्वनी अडविणे आणि ध्वनी शोषणे या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत, आणि त्यांच्या गल्लतीतून या विषयातला बहुतेक गैरसमज उत्पन्न झाला आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहातील असह्य घुमण्यावर संशोधन केले, आणि जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या उश्या रात्रीच्या वेळी तिथे नेऊन मांडून, मऊ सच्छिद्र पदार्थ खोलीतला घुमणारा ध्वनी किती शोषतात याचे गणित बसविले. त्या उश्यांनी खोलीतली घुमणी कमी केली, भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडविण्याचे त्यांचे काम नव्हते. कपाटातल्या अस्तराचेही तसेच. आतल्या कठीण पृष्ठांवर आपटून वाढलेला मध्यम आणि उंच स्वरांचा गोंगाट ते काही डेसिबलांनी उतरविते, आणि पाण्याची सळसळ वा इंपेलरची किणकिण असेल तर तेवढ्यानेही बराच आराम पडतो. पण एक इंच जाडीचा फोम १०० हर्ट्झच्या घरघरीपुढे हतबल असतो. त्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर आहे, आणि तिला परिणामकारकपणे शोषायला लागणारी जाडी कोणत्याही कपाटात मावणारी नाही. थर्मोकोल आणि अंड्यांचे कागदी ट्रे यांची शिफारस तर सर्वथा त्याज्य मानावी. थर्मोकोलची छिद्रे बंद असल्याने त्यात हवा शिरत नाही व ध्वनी जिरत नाही, आणि वजन नसल्याने तो अडवीतही नाही. उष्णता अडविण्याचा त्याचा गुण ध्वनीच्या बाबतीत कामाचा नाही. अस्तरच लावावयाचे तर उघड्या छिद्रांचा फोम किंवा दाबलेल्या पॉलिएस्टर तंतूंचे तक्ते लावावेत. काचलोकर ध्वनी उत्तम शोषते, परंतु सम्पच्या दमट हवेत आणि हवा ओढणाऱ्या पंपाच्या शेजारी तिचे सुटे तंतू ठेवणे मला पटत नाही.

कपाट घट्ट बंद केल्यावर दुसरीच चिंता उभी राहते. यंत्रे जी वीज घेतात तिचे अखेर उष्णतेतच रूपांतर होते. कोंडलेल्या कपाटात ती साचते, बाष्प फळ्यांवर घाम धरते, कोकणाच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात साधे प्लायवुड फुगते आणि फोमवर बुरशी चढते. अधिक गंभीर गोष्ट पाण्याची: २० अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, ३० अंशांना साडेसातच. वैशाखात ज्या वेळी माशांना हवेची निकड सर्वाधिक, त्याच वेळी कपाट तापवून आपण पाणी अधिक कोमट करणे हा त्यांच्यावर अन्यायच होय. तेव्हा हवेला वाट ठेवलीच पाहिजे, पण ती सरळ नसावी. फोमचे अस्तर लावलेल्या, दोन-तीन वेळा काटकोनात वळणाऱ्या लाकडी मार्गातून हवा आतबाहेर जाऊ दिली तर उंच स्वर वळणावळणावर शोषले जातात आणि हवा मात्र खेळती राहते. एक मार्ग खालून आत येणारा आणि दुसरा वरून बाहेर जाणारा ठेवला की तापलेली हवा आपोआप वर निघून जाते.

हवेच्या पंपाविषयी आणखी एक गोष्ट, जी मला या सर्व विवेचनात सर्वांत निकडीची वाटते. हा पंप जी हवा पाण्यात सोडतो ती कपाटातलीच असते. फोम चिकटविण्यासाठी वापरलेल्या रबरी गोंदाचा वास, नव्या पॉलिशचा उग्र दर्प, किंवा झुरळांसाठी कपाटात मारलेला फवारा, हे सारे त्या नळीतून थेट पाण्यात पोहोचते, आणि घरगुती फवाऱ्यांत असणारी पायरेथ्रॉइड जातीची द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात. अस्तराचे काम चालू असताना आणि वास पूर्ण जाईपर्यंत पंप कपाटाबाहेर, खोलीतल्या स्वच्छ हवेत ठेवावा. तसेच फोम पेट घेणारा असतो, याचे भान ठेवून विजेचे बोर्ड आणि अ‍ॅडॉप्टर अस्तरापासून दूर, सम्पच्या पाण्याच्या पातळीहून उंच जागी लावावेत, वायरला बोर्डाखाली एक झोळ ठेवावा म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते, आणि घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण, नसेल तर आधी ते बसवून घ्यावे.

रात्री झोपताना पंप बंद करून टाकण्याची वहिवाट पुष्कळ घरांत आहे. तिच्याइतका स्वस्त इलाज नाही हे खरे, पण रात्रीच पाणवनस्पतीही प्राणवायू घेऊ लागतात, आणि दाटीने ठेवलेल्या माशांना पहाटेच्या सुमारास पृष्ठावर येऊन तोंडे उघडावी लागतात. ज्याला हे दृश्य पाहवत नाही त्याने पंप शांत करावा, बंद करू नये.

माशांना या आवाजाचा त्रास होतो काय, हा प्रश्न त्यातूनच येतो. मासे बहिरे असतात ही समजूत फार जुनी. तिला कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली आपल्या शिट्टीला ओ देऊन बाहेर येणारा एक मांजरमासा सादर करून धक्का दिला. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८२० साली, अर्न्स्ट वेबर यांनी काही माशांच्या हवापिशवीला आंतरकर्णाशी जोडणाऱ्या लहान हाडांच्या साखळीचे वर्णन केले होते. सोनमासा, कोई, बार्ब, टेट्रा आणि मांजरमासे हे सर्व या साखळीचे धनी आहेत, आणि त्यांची श्रवणशक्ती इतर माशांच्या मानाने तीक्ष्ण असते. आता लक्षात घेण्याची गोष्ट ही की हवेतला ध्वनी पाण्याच्या पृष्ठावर आदळला की त्याच्या शक्तीचा हजारावा अंशच आत शिरतो. खोलीतला दूरचित्रवाणी संच माशांना फारसा ऐकू येत नाही. परंतु कपाटातून चढून काचेत आणि काचेतून पाण्यात शिरणाऱ्या कंपाला असा अडसर नसतो. म्हणजे जे कपाट आतून गाद्यांनी मढविले आहे पण ज्याच्या फळीवर पंप उघडाच थरथरतो आहे, ते खोलीतल्या माणसाला थोडा दिलासा देत असेल, माशाला मुळीच देत नाही. आणि मऊ आसनावरचा दगड या दोघांच्याही कामी येतो. कोणता उपाय प्रथम करावा याविषयी मतभेद संभवत असेल, तर माझ्या मते या एका विचाराने तो मिटावा.

किती शांतता पुरे, याला मोजमाप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलांच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलांची आहे, पण ती बाहेरच्या वातावरणाची आहे, उशाशी चालणाऱ्या यंत्राची नव्हे. मोबाइलमधील ध्वनिमापक इतक्या खालच्या पातळीवर अचूक आकडा देत नाहीत. तरीही एकाच जागी, एकाच वेळी, फेरफारापूर्वी आणि नंतर घेतलेली नोंद तुलनेपुरती उपयोगी पडते. दहा डेसिबलांची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी भासते, आणि दोन सारखे पंप एकाऐवजी चालविल्याने जी वाढ होते ती केवळ तीन डेसिबलांची. तेव्हा दोनातला एक पंप काढून टाकल्याने फार शांतता लाभेल अशी आशा धरू नये.

ज्यांना नवे कपाट करवून घ्यावयाचे आहे त्यांनी सुताराला तपशील आधीच लिहून द्यावा: लाकूड आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लायवुड असावे आणि पाठही त्याच जाडीची असावी, नळ्यांसाठी पाठीला मोठी खिडकी न कापता प्रत्येक नळीपुरते भोक पाडून त्यात रबरी बुश बसवावा, दारे चौकटीच्या आत न बसविता तिच्यावर, रबरी पट्टीवर दाबून बसतील अशी असावीत, हवेचे दोन वळणदार मार्ग कपाट जोडतानाच दोन्ही बाजूंना करून घ्यावेत, कारण नंतर ते करायला जागा राहत नाही, आणि पंपासाठी कपाटाच्या बाजूंना जोडलेली फळी न ठेवता तळावर, फोमच्या थरावर कडप्पा मावेल एवढी मोकळी जागा सोडावी. पंपाची जागा पाण्याच्या पातळीखाली येत असल्याने हवेच्या नळीत चेक व्हॉल्व्ह अवश्य घालावा, नाहीतर वीज गेली असता पाणी नळीतून उलट उतरून पंपात आणि तेथून कपाटात शिरते.